कंबर दुखतेय, मग मानेला हात कशाला?

ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. वय ३८, काम आयटीतलं, निम्मा आठवडा घरून. महिना झाला, कंबर धरली आहे. सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरताना चमक निघते, आणि दिवसभर बसून काम झालं की उजव्या कुल्ल्यापर्यंत कळ जाते. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. गोळीचा असर असेपर्यंत बरं वाटतं. ऑफिसमधल्या मैत्रिणीने तिच्या कायरोप्रॅक्टरचं (मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्याचं) नाव सुचवलं, म्हणून पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. त्यानंतर फोनवर व्हिडिओ पाहिले. माणसाची मान धरून कडाकड मोडतात आणि तो माणूस ओरडतो! तेव्हापासून पोटात गोळा आला आहे. नाशिकहून आई रोज बजावते, 'मानेला हात लावू देऊ नकोस.' बाबा सध्या आमच्याकडे आले आहेत, वय ७१. ते म्हणतात, 'मलाही घेऊन चल, माझीही पाठ दाखवू.' दुकानात फिरताना त्यांच्या पोटऱ्या भरून येतात, ट्रॉलीवर ओणवं झालं की बरं वाटतं. तिथे नेमकं काय करतात? कपडे काढायला लावतात का? पहिल्याच दिवशी हाडं मोडतात का? खर्च किती येतो? आणि बाबांना नेऊ का?
— एक वाचक, एडिसन

नमस्कार.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं बोलणं आईंचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. दुखणं कमरेचं आहे, आणि कमरेच्या दुखण्यासाठी मान वळवावी लागत नाही. काही कायरोप्रॅक्टर मानेपासून माकडहाडापर्यंत सगळा कणा एकाच बैठकीत हाताळतात, त्यांची ती पद्धतच असते. पण तुम्ही होकार दिल्याशिवाय मानेलाच काय, कमरेलाही झटका द्यायचा अधिकार त्यांना नाही. 'मानेला काही करायचं नाही' हे फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा आणि टेबलावर झोपण्याआधी तोंडानेही सांगा. चांगला कायरोप्रॅक्टर एका शब्दानेही वाद घालणार नाही. घातलाच, तर उठून बाहेर या.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट ध्यानात असू द्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात शिकले, काम अमेरिकेत करते. आमच्या आणि कायरोप्रॅक्टरांच्या व्यवसायात थोडी चढाओढ आहेच. माझ्याकडे येणारे बरेच जण आधी त्यांच्याकडे जाऊन आलेले असतात, कुणी समाधानाने सांगतं, कुणी वैतागून. मी जे लिहितेय ते त्यातून आणि पुराव्यांतून आलेलं आहे.

गुरुवारी वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा, कारण फॉर्मच भरपूर असतात. आधीचे आजार, शस्त्रक्रिया, अपघात, चालू औषधं, गरोदरपणाची शक्यता हे सगळं विचारतात. माणसाच्या शरीराची पुढून आणि मागून अशी दोन चित्रं असतात, त्यावर दुखतं ती जागा रंगवायची. आपल्याकडच्या बायका इथे हमखास कंजूषपणा करतात. कमरेवर एक छोटी फुली मारतात आणि कुल्ल्यातली कळ सांगायची राहून जाते. कळ जिथवर जाते तिथवर रेघ ओढा. बसणं, उभं राहणं, झोप, वजन उचलणं अशा दहा बाबींवर दुखण्याचा कितपत अडथळा होतो, हे विचारणारी एक प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी देतात. ती घाईघाईत भरू नका. दोन-तीन आठवड्यांनी तीच पुन्हा भरून घेतली की सुधारणा झाली की नुसतं वाटतंय, हे आकड्यांत दिसतं. त्यांनी पुन्हा भरून घेतली नाही, तर तुम्ही मागा.

औषधांची यादी घरूनच कागदावर लिहून न्या. त्यात आयुर्वेदिक काढे, गुग्गुळाच्या गोळ्या, आईंनी पाठवलेली चूर्णं, सगळं आलं पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि जास्त दिवस घेतलेली स्टिरॉइड्स ही दोन नावं त्यांना कळणं सगळ्यात गरजेचं असतं.

कपड्यांची काळजी सोडा. सैल पँट आणि टी-शर्ट घातलात तर बहुतेक ठिकाणी त्याच कपड्यांवर सगळं होतं. पाठ उघडी पाहायची असेल तर मागून उघडणारा गाऊन देतात आणि बदलायला वेगळी खोली असते. संकोच वाटत असेल तर फोन करून बाई कायरोप्रॅक्टर आहेत का विचारा, किंवा खोलीत सोबत कुणी बसलेलं हवं म्हणून सांगा. यात काही वावगं नाही. जीन्स नको, कारण पाय वर उचलून पाहतात. टेबलावर पालथं झोपायचं असतं, तोंडासाठी मध्ये फट असलेली उशी असते, तिच्यावर दर माणसागणिक नवा कागद घालतात. मंगळसूत्र, लांब कानातली आणि केसांचा मोठा क्लिप आधीच काढून ठेवलात तर बरं.

मग विचारपूस आणि तपासणी. पहिल्या भेटीचा खरा ऐवज हाच, आणि पाऊण-एक तासातला मोठा भाग यातच जायला हवा. दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने थांबतं, रात्री झोपेतून उठवतं का, हे विचारतील. तुम्हाला पुढे वाकायला, मागे कलायला, वळायला लावतील. टाचांवर चालायला आणि मग चवड्यांवर चालायला सांगतील, कारण कमरेतून निघणाऱ्या ज्या शिरा (मज्जातंतू) पायात उतरतात त्यांची ताकद यात कळते. गुडघ्यावर आणि टाचेच्या वर छोट्या हातोडीने टिचकी मारून पाय उडतो का ते पाहतील. मग उताणं झोपवून गुडघा न वाकवता एकेक पाय हळूहळू वर उचलतील. यात नुसता मांडीच्या मागे ताण बसला तर तो बहुतेक स्नायूंचा असतो. पण पाय थोडा वर जाताच गुडघ्याच्या खाली, पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर दोन मणक्यांमधल्या चकतीजवळ शीर दुखावली असण्याची शंका येते. तुमची कळ कुल्ल्यापाशी थांबते, ही चांगली गोष्ट आहे. तरी ही तपासणी झाली पाहिजे. हातोडी नाही, पाय उचलून पाहिला नाही, पाच मिनिटं बोलून थेट टेबलाकडे बोट दाखवलं, तर त्या दिवशी काही करून घेऊ नका.

एक्स-रेचं मात्र उलट आहे, तिथे जरा हात आखडता घ्यायचा. अमेरिकेतल्या पुष्कळ कायरोप्रॅक्टरांच्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र असतं आणि आल्याआल्या सगळ्या कण्याचा फोटो काढायची कुठे कुठे रीतच पडून गेली आहे. कंबरदुखीला सहा आठवडे व्हायच्या आत, धोक्याची कुठलीही खूण नसताना, एक्स-रे किंवा एमआरआय काढू नये, असं २०१७ मध्ये त्यांच्याच अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने आपल्या सभासदांना सांगितलं आहे. तुम्हाला महिना झालाय. 'या फोटोमुळे तुमच्या उपचारात नेमकं काय बदलणार?' एवढं विचारा. उत्तर पटलं तरच काढा. अडतिशीतल्या माणसाच्या फोटोत बऱ्याचदा कुठे ना कुठे थोडी झीज दिसते. ती दाखवून घाबरवणं सोपं असतं आणि दुखण्याशी तिचा संबंध असेलच असं नाही.

आता हाडं मोडण्याबद्दल. पहिल्याच दिवशी करतात का? पुष्कळदा करतात. काही जण तपासणी एक दिवस आणि उपचार दुसऱ्या दिवशी ठेवतात. तुम्हाला घाई नको असेल तर 'आज फक्त तपासा, मी विचार करून येते' असं सांगता येतं.

कमरेसाठी जी नेहमीची पद्धत आहे ती अशी. तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतील. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात वाकवून पुढे. दोन्ही हात छातीशी घ्यायला सांगतील. ते तुमच्यासमोर उभे राहतील, एका हाताने खांदा मागे धरतील, दुसरा हात कमरेच्या खालच्या भागावर ठेवतील आणि सावकाश तुम्हाला स्वतःकडे कलवत आणतील, कंबर आणखी वळणार नाही तिथवर. 'श्वास घ्या, सोडा' म्हणतील. श्वास सुटतो त्याच क्षणी एक छोटा, जलद झटका बसतो. पापणी लवेपर्यंत संपतो. हालचाल फार लहान असते, भीती वाटते ती त्याच्या अचानकपणाची. आणि माणूस तुमच्या खूप जवळ येतो, त्याचं वजन अंगावर येतं. हे कुणी आधी सांगत नाही आणि आपल्या बायका त्यानेच जास्त दचकतात. म्हणून झटका देण्याआधी 'मी आता इथे हात ठेवतेय, असं करणार आहे' असं सांगायला लावा.

आवाज होतो तो हाड मोडल्याचा नसतो. मणक्यांच्या सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला गेला की आतला दाब कमी होतो आणि द्रवात विरघळलेला वायू पोकळी धरतो, सोड्याच्या बाटलीचं झाकण काढताना होतं त्यातलाच प्रकार. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोट मोडताना त्याचं चालू एमआरआय चित्रण केलं, त्यात आवाजाच्या क्षणी ही पोकळी तयार होताना दिसली. म्हणजे आवाज झाला म्हणून उपचार लागू पडला असं नाही, आणि झाला नाही म्हणून फुकट गेला असंही नाही. व्हिडिओवाले माईक टेबलाजवळ लावून जो कडाका ऐकवतात, तो ऐकवण्यासाठीच असतो.

झटकाच नको असेल तर तसंही सांगता येतं. मधून दुमडणाऱ्या टेबलावर पालथं झोपवून कंबर हळूहळू ताणतात, त्यात आवाज नाही की धक्का नाही. काही टेबलांचा एक भाग दाबाबरोबर थोडासा खाली पडतो, त्यामुळे जोर कमी लागतो. स्प्रिंगचं एक छोटं हातयंत्रही असतं, ते मणक्याशेजारी टेकवून टिचकी देतात. तुमच्यासारखीला, पहिल्याच खेपेला आणि भीती मनात असताना, मी दुमडणाऱ्या टेबलापासून सुरुवात करायला सांगेन. घाबरून अंग आखडलेल्या माणसाला झटका दिला की त्याला दुखतंच जास्त.

इथे तुम्हाला बहुधा एक वाक्य ऐकायला मिळेल: 'तुमचा मणका जागेवरून सरकलाय, तो मी बसवला.' हे वाक्य कुठून आलं ते कळलं तर त्याचं दडपण येणार नाही. १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावात डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थांनी ही विद्या सुरू केली. त्याआधी ते चुंबकीय उपचार करत. मणके किंचित सरकतात, शिरा दबतात आणि बहुतेक सगळे रोग त्यातूनच होतात, असा त्यांचा सिद्धांत होता. कमरेवर हाताने केलेल्या उपचाराचा काही उपयोग होतो, हे पुढे अभ्यासांत दिसलं. सगळ्या रोगांचं मूळ कण्यात आहे, हे कुठेच दिसलं नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये जाहीर केलं की, ही 'सरकलेल्या मणक्यामुळे रोग' ही कल्पना ऐतिहासिक आहे, तिला संशोधनाचा आधार नाही. तरीही आज व्यवसायात दोन्ही प्रकारची माणसं आहेत. एक गट कंबर, मान, डोकेदुखी यापुरतं काम करतो, व्यायाम शिकवतो, गरज पडली तर डॉक्टरकडे धाडतो. दुसरा गट थायरॉइड, पित्त, लहान मुलाच्या कानाचं दुखणं हे सगळं कण्यातून बरं करू म्हणतो. भिंतीवर कण्याचा तक्ता आणि प्रत्येक मणक्यासमोर एकेका अवयवाचं नाव असेल, आणि त्यावर बोट ठेवून तुमच्या पित्ताबद्दल बोलणं सुरू झालं, तर तुम्ही कुठे आलात ते ओळखा.

शिक्षणाबद्दल मात्र मनात किंतु ठेवू नका. अमेरिकेत कॉलेजचं शिक्षण झाल्यावर साधारण चार वर्षांचा अभ्यासक्रम, राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षा आणि मग राज्याचा परवाना, एवढं झाल्याशिवाय कुणी कायरोप्रॅक्टर म्हणून बसू शकत नाही. नावापुढे 'डॉक्टर' लावतात, पण ते एमडी नसतात, आणि न्यू जर्सीत औषधं लिहून देत नाहीत. तुमच्या राज्यात परवाना देणारं कायरोप्रॅक्टिक परीक्षक मंडळ आहे. राज्याच्या संकेतस्थळावर नाव टाकलंत की परवाना चालू आहे का ते दिसतं. मैत्रिणीने नाव दिलं असलं तरी हे पाहाच.

आपल्याकडे लहानपणापासून आपण उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीवरून पाय फिरवून घेतलेला पाहिलाय, हात मुरगळला की गावचा हाडवैद्य गाठलाय. त्या विश्वासाचा मला आदर आहे. पण परवाना, तक्रार करायची जागा आणि तुमचा लेखी होकार या तीन गोष्टी तिथे नसतात. आईंनी नाशिकला असं कुणी शोधायचं ठरवलं तर त्यांना हेही सांगा की, भारतात या व्यवसायासाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' लिहिलंय याचा अर्थ काय, हे ज्याला त्याला खणून विचारावं लागतं. आणि सलूनमध्ये मालिश झाल्यावर मान दोन्हीकडे फिरवून 'कट्ट' करून देतात, ते कुणीही करून घेऊ नये.

मानेबद्दल इतकं का सांगतेय? मेंदूकडे रक्त नेणाऱ्या चार मोठ्या वाहिन्यांपैकी दोन मानेच्या मणक्यांच्या भोकांतून ओवल्यासारख्या वर जातात. मान जोरात वळली तर क्वचित या वाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी होते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. हे फार विरळ आहे. यात एक गुंता असाही आहे की, ज्यांच्या वाहिनीला आधीच चीर पडलेली असते त्यांची मान आणि डोकं त्यामुळेच दुखतं, आणि ते त्या दुखण्यासाठीच कायरोप्रॅक्टरकडे जातात. मग दोष चिरेचा की झटक्याचा हे सांगणं अवघड होतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या विषयावर निवेदन काढलं तेव्हा कारण सिद्ध झालंय असं म्हटलं नाही, पण संबंध दिसतो आणि मानेला झटका देण्याआधी रुग्णाला तो सांगायला हवा, असं स्पष्ट म्हटलं. तुमच्या कमरेसाठी हा विरळ धोकासुद्धा घ्यायचं कारण नाही. आईंचं बरोबर आहे. पुढे कधी मानेसाठी गेलात आणि नंतर कधी नव्हे इतकं डोकं किंवा मान दुखली, गरगरलं, एकाचे दोन दिसले, बोलताना जीभ अडखळली, गिळता येईना, चेहऱ्याची एक बाजू बधिर झाली, तर दवाखान्याला फोन करत बसू नका, ९११ लावा.

कमरेच्या बाबतीतही काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर गुरुवारची वाट पाहायची नाही. लघवी अडली किंवा कळायची बंद झाली, शौचावरचा ताबा सुटला, बसताना टेकतो त्या भागात बधिरपणा आला, पाऊल उचलता येईना, तर त्याच रात्री इमर्जन्सीत जा. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, यांसाठी आधी डॉक्टर. तुम्ही भारतातून आलेल्या आहात, तेव्हा घरात कुणाला क्षयरोग झाला असेल तर तेही सांगा. मणक्याचा क्षय आपल्याकडे दिसतो आणि अमेरिकेतल्या माणसाच्या तो चटकन मनात येत नाही.

आता बाबांचं. तुम्ही ते पत्राच्या शेवटी-शेवटी मोजक्या वाक्यांत लिहिलंत, पण मला तुमच्या कमरेपेक्षा त्यांच्या पोटऱ्यांची चिंता जास्त वाटते. चालताना पोटऱ्या भरून येणं आणि ट्रॉलीवर ओणवं झालं की मोकळं वाटणं, हे वर्णन आम्ही पुस्तकात शिकतो. वयोमानाने कमरेच्या मणक्यांतून शिरा जातात ती वाट अरुंद होते, ताठ उभं राहिलं की आतल्या शिरा आवळल्या जातात, पुढे वाकलं की त्यांना जागा मिळते. असं असेलच असं मी न तपासता म्हणणार नाही. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात; तेव्हा मात्र वाकायची गरज पडत नाही, नुसतं थांबलं तरी बरं वाटतं. बाबा नुसते थांबले तर बरं वाटतं की बसावं-वाकावं लागतं, हे या शनिवारी दुकानात नेऊन नीट पाहा. स्थिर सायकलवर पुढे झुकून बसले तर किती वेळ पाय मारता येतात हेही पाहा. डॉक्टरला हे दोन तपशील दिलेत तर त्यांचं निम्मं काम होईल. पायांतल्या नाड्या लागतात का ते डॉक्टरच पाहतील.

शिवाय एकाहत्तराव्या वर्षी हाडांची घनता किती हे ठाऊक नसताना कुणी झटका देणं योग्य नाही. हाडं ठिसूळ असतील तर बरगडी किंवा मणका पिचू शकतो. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी आहे का? प्रोस्टेटची तपासणी कधी झाली होती? प्रोस्टेटचा कर्करोग पसरतो तेव्हा तो कण्यात जायची शक्यता बरीच असते, आणि त्या वयाच्या पुरुषाच्या नव्या पाठदुखीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून गुरुवारी बाबांना सोबतीला न्या, खुर्चीत बसू दे, टेबलावर नको. तिथे कुणी 'आलेच आहेत तर त्यांचंही पाहू' म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

पैशांचं थोडक्यात. दर जागोजाग इतका बदलतो की आकडा सांगण्यात अर्थ नाही, पण काय विचारायचं ते सांगते. ते तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहेत का, तुमचं वर्षाचं डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) भरून झालंय का, दर भेटीचा कोपे (आपण द्यायचा ठरावीक वाटा) किती, वर्षाला किती भेटींची मर्यादा. बिलावर कण्याच्या एक-दोन भागांसाठी ९८९४०, तीन-चार भागांसाठी ९८९४१ आणि पाचही भागांसाठी ९८९४२ असे कोड असतात. कंबर तेवढी हाताळली आणि बिलावर ९८९४२ दिसलं तर विचारा. पहिल्या तपासणीचे पैसे वेगळे लागतात. विमा हा खर्च देत नसला तरी एचएसए किंवा एफएसए (आरोग्यखर्चासाठीची करसवलतीची खाती) तुमच्याकडे असेल तर त्यातून तो चालतो. बाबांची ट्रॅव्हल पॉलिसी असेल तर आधीपासूनच्या दुखण्याबद्दल तिच्यात काय लिहिलंय ते डॉक्टरकडे जाण्याआधी वाचून घ्या.

आणि पॅकेज. चोवीस किंवा छत्तीस भेटी, आत्ता एकरकमी भरा, इतकी सूट, अशी फाईल पहिल्याच दिवशी पुढे येऊ शकते. सही करू नका. कितीही गोड बोलले तरी नाही. तुमच्यासारख्या कंबरदुखीला हाताच्या उपचाराचा उपयोग व्हायचा असेल तर दोन ते चार आठवड्यांत तो जाणवतो. तोवर भेटीगणिक पैसे द्या. चार आठवड्यांत ती दहा बाबींची प्रश्नावली हलली नाही, तर उपचार बदला. दुखणं थांबल्यावर 'देखभालीसाठी' आयुष्यभर येत राहायला हवं, याला तुमच्या बाबतीत मला तरी कारण दिसत नाही.

उपयोग होतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. होतो, माफक. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी शेक, मालिश, अ‍ॅक्युपंक्चर आणि मणक्यांवरचा हाताचा उपचार सुचवला, आणि त्याबरोबर हेही नोंदवलं की, अशी बहुतेक दुखणी काळाबरोबर आपोआपच कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या जुनाट कंबरदुखीवरच्या मार्गदर्शनात हा उपचार आहे, आणि व्यायामही आहे. ब्रिटनचं धोरण २०१६ पासून असं आहे की, हाताचा उपचार करायचा तर व्यायामाच्या जोडीनेच करावा, एकटा नको. माझंही मत हेच. टेबलावरची पाच मिनिटं तुम्हाला दोन दिवसांची मोकळीक देतील, त्या मोकळिकीत तुम्ही चाललात आणि व्यायाम केलात तर ती टिकते. म्हणून निघताना 'घरी काय करू?' हे विचारा. उत्तरादाखल दोन-तीन व्यायाम करून दाखवले, तुमच्याकडून करून घेतले, तर तो माणूस धरून ठेवा.

त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं, जिमला पहिल्यांदा गेल्यावर आखडतं तसं आखडलं, तर घाबरू नका, साधारण दिवसभरात जातं. गरम पाण्याची पिशवी घ्या, झोपून राहू नका. ठणका पायात उतरायला लागला किंवा तिसऱ्या दिवशीही वाढतच राहिला तर मात्र कळवा आणि पुढची भेट थांबवा.

घरून काम करता ते जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून की कसं, हे लिहिलं नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं, फोनवरच्या मीटिंगा उभ्याने घ्यायच्या, आणि सकाळी चूळ भरताना एक हात बेसिनच्या कडेवर टेकवून, गुडघे किंचित वाकवून पुढे व्हायचं. उद्यापासून करा, याला अपॉइंटमेंट लागत नाही.

बाबांसाठी डॉक्टरची वेळ मात्र आजच फोन करून घ्या. ते परत निघायच्या आत तपासण्या होऊन हातात कागद यायला हवेत, म्हणजे नाशिकला त्यांच्या डॉक्टरांना पुढचं ठरवता येईल. दोन्ही वेळा एकाच दिवशी आल्या तर तुमची गुरुवारची पुढे ढकला.